तिसऱ्या गाण्यातला टँकर

बँडचं नाव सांगत नाही.
सांगितलं तर उगाच ऐकाल,
आणि मग मला फोन कराल, डोकं दुखलं म्हणून.

नऊ वर्षांनी आला अल्बम.
नऊ वर्षांत विद्यापीठ चौकातला पूल पाडून झाला,
माझा डावा गुडघा गेला,
त्यांचा जुना गायक गेला,
म्हणजे सोडून गेला,
कुठेतरी मधमाश्या पाळतो म्हणे.

पहाटे साडेतीनला उठले.
हेडफोनवर पहिल्यांदा ऐकणं म्हणजे
बासुंदी स्ट्रॉने पिणं.
म्हणून चपला हातात घेऊन खाली पार्किंगमध्ये,
धायरीतली आमची सोसायटी, पाण्याच्या टाकीशेजारचा खांब,
वॅगन-आरच्या काचा वर, सीट मागे, आवाज बावीसवर.

पहिलं गाणं: नुसता बास.
अंधारात कुणीतरी कपाट सरकवतंय,
सरकवतंय,
आणि सरकवता सरकवता भिंतच सरकते.
मग दोन्ही पायांचे ड्रम असे घुसले
की डॅशबोर्डवरची टोलची पावती थरथरायला लागली.

मी बोटांवर मोजत होते.
सात. सात. सात.
आणि मग पाच:
आहे समजून पाय टाकावा
आणि शेवटची पायरी नसावी.
भोसरीला मी दिवसभर बेअरिंगं तपासते, मायक्रॉनमध्ये.
चुकलेला नग लाल ट्रेमध्ये.
इथे चूक मुद्दाम केलेली,
दर वेळी तेवढीच, केसभर कमी नाही की जास्त नाही.
असल्या चुकीवर मी सही करते.

दुसरं आवडलं नाही.
नवा पोरगा चांगला गातो, तेच वाईट.
जुना घसा खरवडून ओरडायचा तेव्हा
वाटायचं, याचं खरंच काहीतरी हरवलंय.
हा हरवल्याची रीतसर तक्रार नोंदवतो.
गिटारही फार पुसून घेतलेली.
बोट तारेवरून घसरल्याची एखादी करकर तरी ठेवायची.

मग तिसरं.
एकोणीस मिनिटांचं.
आधी पियानो, मग बराच वेळ काही नाही,
मग गिटारचा एकच तुकडा, घाण्याच्या बैलासारखा.
नवव्या मिनिटाला लांबून एक चिरका सूर आला
पीं
    पीं
        पीं
तालाच्या किंचित मागे, जवळ जवळ येत.
ड्रमवाला त्याला अंग चोरून जागा देत होता,
गिटार त्याच्याभोवती फिरत होती,
आणि मी स्टिअरिंग धरून रडले,
चव्वेचाळिसाव्या वर्षी, गाऊनवर.

काचेवर टकटक. वॉचमन गवारे.
"मॅडम, गाडी जरा पुढं घ्या,
टँकर रिव्हर्स येतोय."

घेतली पुढे. गाणं थांबवलं नाही.
झुबेरचा आणि माझा तसा नियम आहे,
पहिलं ऐकणं तोडायचं नाही.
झुबेर रास्ता पेठेतल्या एका गॅरेजात ड्रम वाजवायचा,
शेजारचे वर बादल्या आपटायचे.
आता मोशीत फ्लॅट विकतो.
सकाळी त्याचा मेसेज: तिसरं फार लांबलंय, मध्ये झोप लागली.
मी विचारलं: नवव्या मिनिटाला?
तो म्हणाला: नवव्या मिनिटाला काय आहे?

जेवणाच्या सुट्टीत, कँटीनच्या मागे,
हेडफोन लावून पुन्हा ऐकलं.
नववं मिनिट आलं.
ड्रमवाला अंग चोरून जागा देत होता.
गिटार कशाभोवती तरी फिरत होती.
मध्ये कुणीच नव्हतं.

कदाचित त्यांना हेच म्हणायचं असेल.
नवा पोरगा त्यानंतर जे गातो
ते आता मला थोडं पटतं.
पण माझं गाणं ते नाही.

उरलेली पाच ठीक आहेत.
सातव्याबद्दल नंतर बोलू, त्यात बासरी आहे.

गुरुवारी पाणी नाही, नोटीस लागली आहे.
गवारेला विचारून ठेवलंय
टँकर साधारण किती वाजता.